समुपदेशकाच्या खोलीतलं बाहेर कधी जातं?

प्रश्न तासगाव भागातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचा आहे. झोप लागत नाही, मध्येच रडू येतं, कधी कधी जगूच नये असं वाटतं. लहानपणी एका नातेवाइकाने जे केलं ते अजून डोक्यातून जात नाही. सांगलीत समुपदेशनासाठी यायचंय, पण भीती वाटते. त्या विचारतात, "मी सगळं सांगितलं तर ते तिथंच राहील का? मिस्टरांनी येऊन विचारलं तर? पोलिसांत जाईल का? उद्या घटस्फोटापर्यंत गोष्ट गेली तर कोर्टात हेच माझ्याविरुद्ध वापरतील का? आणि भावाला बरोबर आणलं तर चालेल का?" त्यांच्या पत्रातलं गावाचं नाव आणि सासरच्या माणसांचे तपशील मी मुद्दाम घेतलेले नाहीत. आपल्याकडे शाळा आणि आडनाव कळलं की बाकीचं लोक स्वतःच जुळवतात.

ताई, बहुतेक सगळं तिथंच राहतं. जे बाहेर जाऊ शकतं त्याची यादी लहान आहे, कायद्यात लिहिलेली आहे, आणि 'नवऱ्याने विचारलं' हे कारण त्या यादीत नाही. पण सांगली-मिरजेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. पेशंटची गोष्ट कायद्याच्या अपवादांमुळे क्वचितच फुटते. ती फुटते काळजी करणाऱ्या माणसांमुळे, बिलांमुळे आणि मोबाइलमुळे. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २३ गुप्ततेबद्दल आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपला आजार, त्यावरचे उपचार, अगदी शारीरिक उपचारांबद्दलसुद्धा गुप्ततेचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकावर ती पाळण्याचं बंधन आहे. मग अपवाद येतात. तुमच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांच्या निर्णयात तुमच्या वतीने उभं राहायला नेमलेल्या माणसाला) त्याची जबाबदारी पार पाडता यावी म्हणून, दुसऱ्या डॉक्टरला उपचार करता यावेत म्हणून, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून, जिवाचा धोका टाळण्यासाठी, मानसिक आरोग्य मंडळ, न्यायालय किंवा तसा अधिकार असलेल्या यंत्रणेच्या आदेशावरून, आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी. एवढेच. धोक्याच्या वेळीही तो धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची, असं त्याच कलमात लिहिलंय. रोजच्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हे बंधन. ते कसं, ते पुढे येईलच.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नुसतं 'समुपदेशक' अशी पाटी मात्र कुणीही लावलेली दिसते. त्यांच्यात उत्तम माणसं आहेत, तशीच सहा महिन्यांच्या कोर्सवर दुकान थाटलेलीही आहेत. ज्याच्याकडे कसलीच नोंदणी नाही, त्याने तुमची गोष्ट फोडली तर दाद कुठे मागायची हाच प्रश्न पडतो. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो.

आता मिस्टरांचं. आमच्याकडे हा फोन नेहमीचा असतो: "मॅडम, आमची मंडळी तुमच्याकडे येती ना? काय म्हणती?" कधी नवरा असतो, कधी सासरे, कधी माहेरचे काका. माझं उत्तर ठरलेलं असतं. इथे कोण येतं आणि कोण येत नाही, हेच मी सांगू शकत नाही. लोकांना राग येतो. "आम्ही काय परके आहोत का?" असं ऐकावं लागतं. फी मीच देतो, असंही सुनावलं जातं. फी दिल्याने माहितीवर हक्क मिळत नाही. एवढं मात्र लक्षात घ्या, की कुणी स्वतःहून काही सांगितलं तर ते ऐकून घ्यायला मला बंदी नाही. तुमचे मिस्टर म्हणाले, "ती दोन दिवस जेवली नाही," तर मी ऐकेन, उलट काही सांगणार नाही, आणि पुढच्या भेटीत तुम्हाला सांगेन की असा फोन आला होता. तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल बोलणं चालू ठेवायचं, असं मी करत नाही. तुम्ही निवडलेल्या समुपदेशकाचा याबाबतीत काय नियम आहे, ते पहिल्याच दिवशी विचारा.

पण या कायद्यात एक खाच आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. कलम १४ प्रमाणे कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी नेमू शकते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरे, फक्त त्या माणसाची लेखी संमती हवी. स्टँपपेपर नको, नोटरी नको. कधीही बदलता येतो. तुम्ही कुणालाच नेमलं नसेल तर मात्र कायदा एक क्रम लावतो. आगाऊ निर्देशात (आजारपणात कसे उपचार हवेत ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) कुणाचं नाव लिहिलेलं नसेल तर त्या क्रमात नातेवाईक येतो, आणि लग्नाने जोडलेला माणूसही नातेवाईकच. म्हणजे उद्या तुम्हाला दवाखान्यात दाखल करायची वेळ आली आणि कागद नसेल, तर प्रतिनिधी म्हणून मिस्टर उभे राहू शकतात आणि त्यांच्या कामापुरती माहिती त्यांना मिळू शकते. तुम्हाला भाऊ जवळचा वाटत असेल तर आजच वहीच्या पानावर त्याचं नाव लिहा, दोघांच्या सह्या करा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रत उपचार करणाऱ्याकडे द्या. हा पाच मिनिटांचा कागद आहे. माझ्या मते, ज्यांचं घरात पटत नाही त्या प्रत्येक बाईने तो करून ठेवावा. आणि प्रतिनिधी झाला म्हणून भावालाही सगळं कळत नाही. उपचारांचे निर्णय घ्यायला जे लागेल तेवढंच. लहानपणी काय झालं ते त्याला सांगायचं कारण मला दिसत नाही.

'जगू नये असं वाटतं' हे सांगितलं तर काय होतं, यावर जरा थांबते, कारण याच भीतीने लोक सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगत नाहीत. हे वाक्य मी कामाच्या आठवड्यात अनेकदा ऐकते. ते ऐकून मी कुणालाही फोन करत नाही. मी प्रश्न विचारते. मरावंसं वाटतं की या सगळ्यातून सुटावंसं वाटतं? कसं, कधी, असं काही ठरवलंय का? त्यासाठी काही जमवून ठेवलंय का? याआधी कधी प्रयत्न केलाय? आज इथून बाहेर पडल्यावर घरी कोण आहे? उत्तरांतून एक चित्र तयार होतं. बहुतेक वेळा ते चित्र असतं थकलेल्या माणसाचं. त्याला मरायचं नसतं, असं जगायचं नसतं. अशा वेळी गोष्ट खोलीतच राहते आणि आम्ही दोघं मिळून लिहून काढतो, की विचार वाढले तर पहिलं काय करायचं, कुणाला फोन करायचा, रात्री एकटं कुठे राहायचं नाही.

ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल आणि वेळ जवळ आली असेल, तेव्हा मात्र मी गुप्तता बाजूला ठेवते. तेव्हाही पहिलं बोलणं पेशंटशीच होतं. "मला आज कुणाला तरी सांगावंच लागेल. कुणाला सांगू ते तुम्ही ठरवा. फोन तुम्ही करता का मी करू?" निम्म्याहून जास्त लोक स्वतःच फोन लावतात. आपल्या भागातलं एक उदाहरण देते, ओळख राहू नये म्हणून दोन-तीन गोष्टी एकत्र मिसळलेलं. द्राक्षबागेच्या घरात फवारणीचं औषध खोलीच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. तालुक्यात कुणी 'औषध प्यायलं' म्हटलं की काय झालं ते सगळ्यांना कळतं. अशा घरातल्या बाईच्या भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं: "आजची रात्र ताईंना एकटं ठेवू नका, शेडमधली आणि घरातली औषधं उचलून दुसरीकडे कुलुपात ठेवा, उद्या सकाळी अकराला घेऊन या." का, कशामुळे, कुणामुळे, हे त्याने विचारलं. मी सांगितलं नाही. धोका टाळायला ते लागत नव्हतं. कलम २३ मधलं ते बंधन व्यवहारात असं दिसतं. भावाला राग आला का? आला. पण औषधं त्याने त्याच संध्याकाळी हलवली.

पोलिसांची भीती या बाबतीत काढून टाका. आत्महत्येचा प्रयत्न हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या याच कायद्यातल्या कलम ११५ ने ठरवलं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असं मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते जुनं कलम राहिलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तिथे गुन्हा आहे. विचार मनात येणं हा तर तेव्हाही गुन्हा नव्हता. विषबाधेचा पेशंट सिव्हिलला किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजला दाखल झाला, तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते आणि जबाब घ्यायला हवालदार येतो. ती रुग्णालयाची पद्धत आहे, समुपदेशनाशी तिचा संबंध नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात. आणि हे वाचताना आजच मन फार खाली गेलं असेल तर भेटीची वाट पाहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

लहानपणच्या गोष्टीचं उत्तर सरळ नाही, म्हणून सावकाश वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे हे ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलं पाहिजे, असं पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं. 'प्रत्येकाने' यात डॉक्टर आले, समुपदेशक आले, आजीही आली. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. 'पेशंटने विश्वासाने सांगितलं' ही सबब इथे चालत नाही. जाता जाता, ताई, तुम्ही शिक्षिका आहात. उद्या वर्गातल्या मुलीने तुमच्यापाशी असं काही सांगितलं तर हेच कलम तुम्हालाही लागू आहे.

पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तुमची घटना त्याआधीची असेल तर हा कायदा मागे जाऊन तिला लागत नाही. तक्रार करायची की नाही, हा निर्णय मग तुमचा. घटना त्या तारखेनंतरची असेल आणि तेव्हा तुम्ही अठराच्या आत असाल, तर आता तुम्ही सज्ञान झालात म्हणून कळवायचं नाही, अशी सवलत कलमात लिहिलेली नाही. तिसरी शक्यता मला सगळ्यात गंभीर वाटते. तो माणूस आजही घरात येतो-जातो, आणि घरात लहान मुलं आहेत. तेव्हा प्रश्न तुमच्या भूतकाळाचा राहत नाही, त्या मुलांचा होतो, आणि मला गप्प बसता येत नाही.

म्हणून नाव-गाव ऐकण्याआधीच मी सांगून टाकते, की या एका विषयात माझे हात बांधलेले आहेत, कुठपर्यंत बोलायचं ते तुम्ही ठरवा. तो कोण, कुठला, हे न सांगताही त्या घटनेने तुमच्या झोपेचं, शरीराचं, संसाराचं काय केलं यावर महिनोन्महिने काम करता येतं. कितीतरी बायका तसंच करतात आणि बऱ्या होतात. काही जणी नंतर, पायाखाली जमीन आली की, स्वतः तक्रार द्यायला तयार होतात. समुपदेशकाने ही मर्यादा आधी न सांगता सगळं काढून घेतलं आणि मग "आता कळवावं लागेल" म्हटलं, तर तो विश्वासघात आहे, कायदा पाळला असला तरी.

या कलमाबद्दल माझं भांडणही आहे. सतरा वर्षांची कॉलेजकन्यका वर्गमित्राच्या प्रेमात असते, दोघंही राजीखुशीने, आणि ती माझ्याकडे वेगळ्याच कारणाने येते. कायद्यापुढे तिच्या संमतीला किंमत नाही. हे माहीत झालं की मुली यायच्याच बंद होतात, आणि ज्यांना खरंच मदत हवी असते त्याही त्यांच्याबरोबर थांबतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरती एक वाट काढली. अल्पवयीन मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. समुपदेशनाला तशी वाट अजून नाही.

तुमच्या प्रश्नात नाही, पण लोक नेहमी विचारतात म्हणून: रागाच्या भरात "त्याला मारूनच टाकते" असं म्हटलं तर? राग बोलून दाखवायलाच तर ही खोली आहे. या विषयातला जगभर शिकवला जाणारा खटला कॅलिफोर्नियातला, टॅरासॉफ नावाचा. बंगालमधून तिकडे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगितलं, की मी अमुक मुलीला मारणार आहे. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला ताब्यात घेतलं, बोलण्यात शहाणा वाटला म्हणून सोडून दिलं. मुलीला मात्र कुणीच सावध केलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिचा खून केला. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कुणाच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर त्या व्यक्तीला वाचवण्याची जबाबदारी उपचारकावर येते. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत जवळपास तोच विचार आहे: ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि नेमका धोका असेल तर गुपित उघड करता येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येही, एका रुग्णाचा एचआयव्हीचा अहवाल लग्न ठरलेल्या मुलीकडच्यांना कळला त्या खटल्यात, तिच्या जिवाचा हक्क वरचा मानला. माणूस ठरलेला, मार्ग ठरलेला, इरादा पक्का, असं दिसलं तर मी हालचाल करते. "सासूचं तोंड बघवत नाही" याला मी हालचाल करायची ठरवली, तर सांगली जिल्ह्यात दुसरं काम करता येणार नाही.

तुम्हालाच मारहाण होत असेल आणि तुम्ही सज्ञान असाल, तर तुमच्या इच्छेविरुद्ध तक्रार करायचं बंधन समुपदेशकावर नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे कधी जायचं ते तुम्ही ठरवा.

कोर्टाबद्दल खरं सांगते, ते ऐकायला बरं वाटणार नाही. वकिलाशी बोललेलं कायद्याने संरक्षित आहे. पूर्वी पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाशी बोललेल्याला तसं संरक्षण नाही. न्यायाधीशांनी बोलावलं आणि विचारलं तर मला उत्तर द्यावं लागतं. मी एवढंच करू शकते: आदेश लेखी आहे का ते बघते, तुम्हाला आणि तुमच्या वकिलांना लगेच कळवते, सगळी फाइल न देता मुद्द्यापुरता अहवाल देण्याची परवानगी मागते, नाजूक भाग बंद पाकिटात द्यायची विनंती करते. कौटुंबिक न्यायालयात एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. ही मागणी करायला वकिलांना आधीच सांगून ठेवा. समोरच्या वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. ठाण्यातून "साहेबांनी कागद मागितलेत" असा आलेला फोन म्हणजेही आदेश नव्हे. आमच्यातलेच काही जण खाकी दिसली की फाइल पुढे करतात, ते चूक आहे.

पण 'गोळ्या चालू होत्या म्हणून घटस्फोट' इतकं ते सोपं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकाराचं कारण आहे, मात्र तो विकार अशा प्रकारचा आणि इतका असावा लागतो, की जोडीदाराने सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. नुसतं आजाराचं नाव दाखवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय. त्याच न्यायालयाने २००३ मध्ये असंही म्हटलं, की अशा खटल्यात कोर्ट पक्षकाराला वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं. म्हणजे तुम्ही समुपदेशन टाळलं म्हणून तो प्रश्न टळत नाही. झोप लागत नाही म्हणून स्वतःहून उपचार घेणारी बाई कोर्टात वेडी ठरत नाही. माझ्या पाहण्यात उलटंच आहे, मुलांचा ताबा मागताना नियमित उपचार घेतल्याचा कागद उपयोगी पडलाय.

आता ज्यामुळे गोष्टी खरोखर फुटतात त्याकडे येते.

पैसे. फोनपेने फी दिली की पासबुकात आणि एसएमएसमध्ये दवाखान्याचं नाव उमटतं. जॉइंट खातं असेल, किंवा बँकेचा मेसेज मिस्टरांच्या मोबाइलवर जात असेल, तर गुप्तता पहिल्याच दिवशी संपली. रोख द्या.

मेडिकल दुकान. समुपदेशक गोळ्या देत नाही, पण मानसोपचारतज्ज्ञ देतील. अल्प्राझोलामसारख्या काही गोळ्यांची विक्री दुकानदाराला वेगळ्या वहीत रुग्णाच्या नावानिशी लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तासगावच्या ओळखीच्या दुकानातून घेऊ नका, सांगलीतून किंवा मिरजेतून घ्या. आपल्या बाजूला "मिरजेला दाखवायला गेलेवते" म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, एवढे दवाखाने आहेत तिथे.

शाळा. वैद्यकीय बिल मंजुरीला टाकलं की ते मुख्याध्यापकांपासून पंचायत समितीपर्यंत टेबलाटेबलावरून फिरतं आणि प्रत्येक टेबलावर वाचलं जातं. रजेसाठी दाखला हवा असेल तर निदानाच्या जागी किती लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोला. खोटं कुणी लिहिणार नाही, लिहूही नये, पण सगळी कहाणी लिहायची गरज नसते. विम्याचा दावा केला तर निदान कंपनीकडे जातंच, कारण संमतीची सही आपणच केलेली असते. बिलाचे पैसे सोडायचे की माहिती जाऊ द्यायची, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

प्रतीक्षागृह. इथे कुठलाच कायदा मदतीला येत नाही. शेजारच्या खुर्चीत वर्गातल्या मुलाची आई निघते. दुपारची वेळ मागा, पहिली किंवा शेवटची. सांगलीचे काही पेशंट मुद्दाम कोल्हापूरला जातात आणि कोल्हापूरचे आमच्याकडे येतात, मला त्यात काही वावगं वाटत नाही. फोनवर सत्र हवं असेल तर स्वयंपाकघरातून घेऊ नका. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात घ्या. व्हॉट्सअॅपवर मन मोकळं करू नका, तिथे फक्त वेळ ठरवा. रिसेप्शनवरच्या मुलीला तुमचा त्रास सांगायची गरज नाही, "मॅडमशीच बोलते" म्हणा.

आणखी एक, समुपदेशक कुणाचा माणूस आहे ते बघा. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, कंपनीच्या एचआरने नेमलेल्याकडे, कोर्टाने पाठवलेल्याकडे तुम्ही बोलता, तेव्हा त्यांना वर अहवाल द्यायचा असू शकतो. त्यांचं काम वाईट नाही, वेगळं आहे. बोलायच्या आधी विचारा, "यातलं लिहून कुठे जातं?" जोडीने समुपदेशन घेतलं तर तुम्ही एकटीने सांगितलेलं मिस्टरांपासून लपवलं जाईल का, हेही. माझ्याकडे तसं लपवलं जात नाही. म्हणून तुमच्यासारख्यांना मी आधी एकटीनेच यायला सांगते.

एवढं करूनही कुणी बोललंच, तर लेखी तक्रार करा. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयकडे, आणि दोन्हींबाबत मानसिक आरोग्य मंडळाकडेही. २०१७ चा कायदा मोडल्याबद्दल कलम १०८ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मागायचा हक्कही तुम्हाला आहे, त्या आधी हातात घ्या, मग तक्रार लिहा.

भावाला आणायचं म्हणताय, तर जरूर आणा. एसटीने एकटीने येण्यापेक्षा ते बरं. पण त्याला बाहेर बसवा, किंवा विश्रामबागेत चहा प्यायला पाठवा. शेवटची दहा मिनिटं त्याला आत घ्यायचं की नाही, ते आत बसल्यावर ठरवू. आणि प्रतिनिधी नेमायचा तो कागद येतानाच लिहून आणा, सहीसाठी भाऊ लागेलच.